डब्यातले आडनाव

मित्रांनो, माझा एक कोपरा कात्रीने कापलेला आहे आणि अंगावर रद्द झाल्याचा शिक्का आहे. मी भारताचा एक जुना पासपोर्ट. वय वर्षे अठ्ठावीस. त्यातली पहिली सहा वर्षे मी कामावर होतो. उरलेली बावीस वर्षे मी सिंगापुरातल्या एका घरी बिस्किटांच्या निळ्या पत्र्याच्या डब्यात काढली. त्या डब्यात बिस्किटे कधीच संपली होती. वर सुया, दोरे, बटणे, त्याखाली वर्तमानपत्राची घडी आणि त्या घडीखाली मी.

निवृत्त झालेल्याने आपल्या पराक्रमाच्या गोष्टी सांगाव्यात, अशी रीत आहे. माझ्याजवळ तसे सांगण्यासारखे फारसे नाही. माझी गोष्ट लाजेची आहे. ती लाज मुख्यतः माझ्या मालकाची. पण बावीस वर्षे एकाच डब्यात राहिले की ती थोडी आपलीही होते.

माझा जन्म नाशिकच्या छापखान्यात झाला. तेव्हा मी अगदी कोरा होतो. पुण्याच्या कचेरीतल्या एका कारकुनाने निळ्या शाईने माझ्यावर नाव लिहिले: सुबोध जगदीश सोनकांबळे. शेवटच्या पानावर वडिलांचे नाव, आईचे नाव आणि पत्ता. मुक्काम पोस्ट हिवरणी, जिल्हा लातूर. टपालाने मी सुबोधच्या हाती पडलो तेव्हा त्याचे वडील मुद्दाम गावाहून आले होते. जगदीशगुरुजी हिवरणीच्या प्राथमिक शाळेत शिक्षक होते. त्यांनी आधी हात धुतले, पुसले आणि मग मला उघडले. मुलाचे नाव त्यांनी वर्गात हजेरी घेतात तसे खणखणीत वाचले. मग स्वतःचेही वाचले आणि म्हणाले, "आता हे नाव विमानात बसणार."

मित्रांनो, कौतुकाचा असा दिवस माझ्या वाट्याला पुन्हा आला नाही.

विमानाला अजून सहा महिने होते. तोवर सुबोधला पुण्यात खोली हवी होती. एका बाईंकडची खोली त्याला आवडली, बाईंनाही मुलगा आवडला. इंजिनीअर, शांत, निर्व्यसनी. मग बाईंनी पूर्ण नाव विचारले. सुबोधने मोठ्या ऐटीत ओळखीचा पुरावा म्हणून मलाच पुढे केले. बाईंनी माझे पान वाचले, मला मिटले आणि गोड आवाजात म्हणाल्या, "अहो, माझ्या लक्षातच नव्हतं बघा. परवाच एकांना शब्द दिलाय." ती खोली पुढे महिनाभर रिकामीच होती. सुबोध रोज त्याच रस्त्याने कामाला जायचा आणि दारावरची 'खोली भाड्याने देणे आहे' ही पाटी बघायचा. मी त्याच्या बॅगेत असायचो. मला तेव्हा वाटले, माझ्यावर काही चुकीचे तर छापले गेले नाही ना?

पुढच्या वर्षी आम्ही सिंगापूरला उतरलो. विमानतळावरच्या अधिकाऱ्याने मला उघडले, नावाचे तीन तुकडे करून कसेबसे वाचले, "मिस्टर सोन-कम-ब्ले?" आणि धाडकन शिक्का मारला. त्याच्या चेहऱ्यावर काहीही उमटले नाही. त्याच्या लेखी ते नाव म्हणजे नुसती अक्षरे होती. सुबोध बाहेर आला तेव्हा केवढा तरी हलका झाला होता. पुढच्या काही महिन्यांत चिनी घरमालक, तमिळ सहकारी, मलय शेजारी अशा कितीतरी लोकांनी त्याला ते नाव विचारले आणि लगेच विसरूनही गेले. ते त्याचे फार सुखाचे दिवस होते.

ओझे पुन्हा खांद्यावर आले ते आपल्याच माणसांमुळे. दिवाळीच्या सुमारास पुण्या-मुंबईकडच्या मंडळींचा एक फराळाचा कार्यक्रम होता. तिथे शैलेंद्र नावाच्या, त्याच्याच वयाच्या एका हसतमुख माणसाने हातात चिवड्याची वाटी देत आपला नेहमीचा मराठी प्रश्न विचारला, "मूळचे कुठले तुम्ही?" सुबोध म्हणाला, "हिवरणी. लातूरकडे." शैलेंद्र म्हणाला, "अच्छा, म्हणजे हिवरणीकर!" आणि लगेच मागे वळून त्याने चार जणांना सांगूनही टाकले, "हे सुबोध हिवरणीकर."

दुरुस्त करायला एक क्षण पुरला असता. "नाही हो, सोनकांबळे," एवढेच तर म्हणायचे होते. मी त्याच्या शर्टाच्या खिशात होतो. त्याचे काळीज धडधडताना मला ऐकू येत होते. पण त्याने चिवड्याचा एक घास घेतला, तो नीट चावला आणि गप्प राहिला. मित्रांनो, माणूस मोठे खोटे एकदम बोलत नाही. आधी नुसते दुसऱ्याचे खोटे पोटात घालतो. मग ते पचते.

पचले ते इतके, की पाच वर्षांनी तो आणि त्याची बायको संजीवनी सिंगापूरचे नागरिक झाले, तेव्हा त्याने वकिलाकडून रीतसर कागद करून घेतला आणि तो कायद्यानेही हिवरणीकर झाला. संजीवनीने आपले माहेरचे नाव तसेच ठेवले. ती त्याला एवढेच म्हणाली, "तुझं तू बघ. मी कोणाला काही सांगणार नाही, आणि कोणी विचारलं तर खोटंही बोलणार नाही." सिंगापूर काय आणि भारत काय, दोघांनाही माणसाने दोन घरे मांडलेली चालत नाहीत. एक पासपोर्ट आला की दुसरा परत. मग कचेरीत माझा कोपरा कापला गेला. नाव बदलल्यावर एका दुपारी त्याने मला आणि संजीवनीच्या जुन्या पासपोर्टला त्या निळ्या डब्यात खाली घातले. त्यालाही का, तर त्याच्या शेवटच्या पानावर नवऱ्याचे नाव होते म्हणून.

पहिली काही वर्षे मला वाटायचे, कोपरा कापला म्हणून मला लपवले असेल. खरे कारण मला लीलाबाईकडून कळले.

लीलाबाई म्हणजे सुबोधची आई. जगदीशगुरुजी गेल्यानंतर दोन वर्षांनी ती इथे आली होती. तेव्हा हे कुटुंब चोआ चू कांगच्या सरकारी इमारतीत अकराव्या मजल्यावर राहायचे आणि नात इरा सहा वर्षांची होती. लीलाबाई आल्या दिवसापासून घर हसते झाले. तिला लिफ्टची भीती वाटायची, म्हणून इरा तिचे बोट धरून तिला खाली-वर न्यायची. तिसऱ्या दिवशी इराच्या गणवेशाचे बटण तुटले. लीलाबाईने आमचा डबा उघडला. वर्तमानपत्राची घडी बाजूला झाली आणि किती वर्षांनी तरी माझ्यावर उजेड पडला. तिने शेवटचे पान उघडून एकेक अक्षर बोटाने लावत नवऱ्याचे नाव वाचले. पदराने पुसले. मला परत घडीखाली ठेवले आणि बटण लावून दिले. सुबोधला मात्र तिने याबद्दल एक शब्दही विचारला नाही.

त्याच शनिवारी मंडळी जेवायला आली होती. तेवढ्यात गावाहून फोन आला. लीलाबाई हॉलमध्येच उभी राहून मोकळ्या आवाजात बोलली आणि शेवटी, आयुष्यभर म्हणत आली तसे म्हणाली, "जय भीम." क्षणभर ताटांचा आवाज थांबला. सुबोध उठला, तिला आतल्या खोलीत घेऊन आला. माझा डबा त्याच खोलीतल्या कपाटात होता. हळू आवाजात तो म्हणाला, "आई, इथं नको."

"काय नको?"

"ते. फोनवर म्हणालीस ते."

लीलाबाई म्हणाली, "बरं." लहानपणापासून तो तिला माय म्हणायचा. पुण्याला गेल्यावर माय जाऊन आई आली होती, तेही तिने असेच 'बरं' म्हणून घेतले असणार.

त्यानंतर पंधरा वर्षे दर रविवारी दुपारी साडेबाराला तिचा फोन येत राहिला. पण ती आधी नुसते "हॅलो" म्हणायची आणि थांबायची. पलीकडे कोण बसले आहे, कोण ऐकते आहे, याचा अंदाज घ्यायची. सुबोध फोन घेऊन आत यायचा, दार लावायचा आणि मग बोलायचा. पुढे कुटुंब बुओना व्हिस्टाला कॉन्डोत, म्हणजे खासगी सोसायटीत, राहायला गेले, खाली पोहण्याचा तलाव आला, कपाट मोठे झाले. पण दार लावणे काही सुटले नाही.

मला सर्वांत जास्त लाज वाटते ती एका हसण्याची. एकदा जेवणानंतर शैलेंद्र आरामात टेकून म्हणाला, "आपल्याला इथंच बरं आहे बुवा. कोटा नाही, सवलत नाही, जो तो आपापल्या अकलेवर." चार जण हसले. त्यांत पाचवे हसणे सुबोधचे होते. पत्र्याच्या डब्यात राहूनही मी ते ओळखले. ज्या बापाने हात धुऊन माझी पाने उघडली, त्याच्या मुलाचे ते हसणे होते.

आता या वर्षाची हकिकत सांगतो.

इराची पदवी झाली. एकवीस वर्षांची, सिंगापुरात जन्मलेली, धडाडीची मुलगी. तिने जेवणाच्या टेबलावर जाहीर केले, "आय ॲम मूव्हिंग टु हिवरणी. अ‍ॅट लीस्ट दोन वर्षं. आजीची अभ्यासिका चालवायला."

गुरुजी गेल्यावर लीलाबाईने घरातल्या पुढच्या दोन खोल्यांत मुलांसाठी अभ्यासिका काढली होती. गावातली तीस-चाळीस मुले संध्याकाळी तिथे अभ्यासाला बसत. लीलाबाई आता एकोणऐंशीची झाली होती. गुडघे बोलू लागले होते. इरा आणि आजी यांचे व्हिडिओवर रोज गूळपीठ जमायचे आणि हा बेत त्यातूनच शिजला होता.

मग तयारी सुरू झाली. इराने लॅपटॉपवर भलीमोठी यादी केली. मायलो या चॉकलेटी पेयाची पाकिटे किती न्यायची, चिली सॉसच्या बाटल्या फुटू नयेत म्हणून काय करायचे, स्कूटर शिकायची कुठे, मुलांना कोणती पुस्तके द्यायची. रोज संध्याकाळी ती मराठी शुद्धलेखन गिरवू लागली. मैत्रिणींना फोनवर सांगू लागली, "भारताचं ओसीआय कार्ड काढतेय, ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया. सो सून आय विल बी अ ड्युअल सिटिझन, लाह." वाक्याच्या शेवटी 'लाह' जोडायची ही तिची सिंगापुरी खोड. 

सुबोधला आनंद व्हायला हवा होता. त्याच्या बापाच्या घरात, बापाच्या कामाला मुलगी निघाली होती. पण तो रोज नवी सबब काढू लागला. एक दिवस ऊन, एक दिवस पाण्याचे टँकर, एक दिवस "करिअरचं काय?" आणि एक दिवस "सुट्टीत जाऊन ये ना." संजीवनी ऐकत राहायची. खरे कारण तिला ठाऊक होते, मलाही ठाऊक होते. अभ्यासिकेच्या दारावर पाटी होती, व्हिडिओत इराला कधी न दिसलेली: जगदीश सोनकांबळे अभ्यासिका. इरा चार वर्षांची असताना आजोबा गेले, तेव्हा ती एकदा हिवरणीला गेली होती. त्यानंतर भारतात जाणे झाले की सुबोध आईलाच पुण्याला बोलावून घ्यायचा. आजीचे आडनाव काय, हा प्रश्न इराला कधी पडलाच नव्हता. नातवंडांना 'आजी' एवढे आडनाव पुरते.

एका संध्याकाळी इराने विचारले, "बाबा, तुमचा जुना इंडियन पासपोर्ट कुठंय? माझ्या ॲप्लिकेशनला लागतो. पॅरेंट मूळचा इंडियन होता याचा प्रूफ."

"हरवला," सुबोध म्हणाला. "घर बदललं तेव्हा. दोघांचेही हरवले."

माझ्यापासून चार हातांवर उभा राहून तो हे म्हणाला. इराने आईकडे पाहिले असावे, कारण संजीवनी म्हणाली, "बाबांना विचार," आणि स्वयंपाकघरात गेली.

पण इरा अशी हार मानणाऱ्यांतली नव्हती. "ओके लाह, आजीकडं तुमचा शाळा सोडल्याचा दाखला असेल. तो चालतो का बघते. नाहीतर हरवल्याचं शपथपत्र करू, तुम्ही साइन करा." तिने तिथूनच आजीला निरोप धाडला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच, रविवार नसताना, लीलाबाईचा फोन आला. घरात सुबोध एकटाच होता, तरी सवयीने त्याने आत येऊन दार लावले. फोन स्पीकरवर टाकून त्याने कपाटावर ठेवला आणि तो तिथेच उभा राहिला.

"हॅलो," ती म्हणाली आणि थांबली.

"बोल आई. कोणी नाही."

"पोरगी दाखला मागायलीय तुझा. धाडू का?"

तो कपाटाच्या कडीशी चाळा करू लागला.

"त्यावर नाव आहे रं आपलं. जात पण लिहिलेली आहे. तू सांगितलंस का तिला?"

"नाही."

"मग काय सांगू?"

सुबोधने कपाटाच्या दारावर डोके टेकवले. ते मला पत्र्यातून जाणवले. म्हणाला, "तो पण हरवला म्हण."

मित्रांनो, पलीकडे प्लास्टिक चुरचुरल्याचा आवाज आला. मग लीलाबाई म्हणाली, "म्हणते बाबा. माझं काय." आणि थोड्या वेळाने, "तुझ्या बापानं तो प्लास्टिकात घालून ठेवला होता. अजून नवाच्या नवा आहे." तिने फोन ठेवला. सुबोध तसाच उभा होता.

त्या रात्री जेवताना इरा म्हणाली, "आजी म्हणते दाखला हरवला. स्ट्रेंज, ना? आजी कधीच काही हरवत नाही. तिच्याकडं माझ्या फर्स्ट बर्थडेचा फुगासुद्धा आहे." मग जरा थांबून, "आय थिंक शी वॉज क्राइंग, बाबा. मी विचारलं तर म्हणाली, डोळ्यात कुसळ गेलं."

सुबोधने ताट तसेच सारले. त्याने आजवर स्वतः खोटे पचवले होते. आता एकोणऐंशी वर्षांच्या आईला, जिने आयुष्यात कोणाला खोटे सांगितले नव्हते, तिला नातीशी खोटे बोलायला लावले होते. आतल्या खोलीत येऊन त्याने कपाट उघडले. डब्यावर हात ठेवला. आता उघडेल, असे मला वाटले. पण त्याने कपाट लावून घेतले. मी खोटे कशाला सांगू, मला त्या वेळी त्याची कीव आली आणि रागही आला.

रविवारी शैलेंद्र आणि त्याची बायको हर्षा जेवायला आले. शैलेंद्रने आपल्या मुलाचे ओसीआय कार्ड काढले होते आणि त्या फॉर्मातल्या खाचाखोचांचा तो आमच्या मंडळींत जाणकार मानला जाई. जेवणाआधी तो हौसेने इराच्या शेजारी लॅपटॉपसमोर बसला. आतल्या खोलीचे दार उघडे होते, त्यामुळे मला सगळे ऐकू येत होते.

"पहिली गोष्ट," शैलेंद्र म्हणाला, "हे काही दुहेरी नागरिकत्व नाही बरं का. नाव सिटिझनचं आहे, पण मत देता येत नाही, शेतजमीन घेता येत नाही. राहता येतं, एवढंच."

"राहायचंच आहे मला, काका."

"मग झालं तर. चल, पुढं. वडिलांचं नाव, सुबोध जगदीश हिवरणीकर. आईचं नाव. पुढचा प्रश्न, वडिलांचं पूर्वी कधी वेगळं नाव होतं का? ते 'नो' टाक."

"थांब," सुबोध म्हणाला.

तो आत आला. कपाट उघडले, डबा काढला. घाईत झाकण निघेना, तेव्हा तो डबा तसाच घेऊन बाहेर गेला आणि टेबलावर ठेवून त्याने झाकण जोर लावून काढले. सुया, दोरे, बटणे टेबलभर झाली. वर्तमानपत्राची घडी बाजूला करून त्याने मला उचलले आणि इरासमोर ठेवले. बावीस वर्षांनी मी माणसांत आलो होतो, पण मान वर करायचे धाडस मला नव्हते.

"यू सेड हरवला," इरा म्हणाली.

"खोटं बोललो."

इराने मला उघडले. तिने फोटो पाहिला, थोडी हसली. मग नाव वाचले आणि हसू गेले. "सोनकांबळे? हू इज धिस?"

"मी."

शैलेंद्रने वाकून वाचले. मग सरळ बसला आणि टेबलावरचे एक बटण उचलून बोटांत फिरवू लागला. हर्षाने त्याच्याकडे पाहिले आणि खाली पाहिले. इरा त्या तिघांकडे आळीपाळीने बघत राहिली. तिला या नावात काय दडले आहे ते कळत नव्हते. सगळे गप्प का, तेही कळत नव्हते. मग सुबोधने तिला सांगितले. पुण्याची खोली सांगितली, चिवड्याची वाटी सांगितली, अभ्यासिकेवरची पाटी सांगितली. त्याने काही लपवले नाही, आणि स्वतःची बाजूही घेतली नाही.

शैलेंद्र म्हणाला, "अरे सुबोध, आम्हाला काय फरक पडतो? तू आधीच सांगायचंस."

"तुझ्या कोट्याच्या विनोदाला मी हसायचो, आठवतं?" सुबोध म्हणाला. "मला रात्री झोप लागायची नाही."

शैलेंद्रने बटण खाली ठेवले.

इराने माझे शेवटचे पान उघडले आणि आजोबांचे नाव वाचले. मग हळू म्हणाली, "सो आजीला माहीत होतं दाखला कुठंय."

"हो."

"तुम्ही तिला सांगितलंत तसं म्हणायला?"

सुबोधने होकारार्थी मान हलवली.

"बाबा, नाव बदललंत, ओके. आय डोन्ट नो, मे बी मीही बदललं असतं. पण आजीला खोटं बोलायला लावलंत." तिने मला टेबलावर ठेवले. "दॅट इज नॉट ओके. नॉट ओके, बाबा."

तो पन्नाशी ओलांडलेला माणूस मुलीसमोर खाली मान घालून उभा होता. तेवढ्यात साडेबारा वाजले आणि टेबलावरचा फोन वाजू लागला.

सवयीने त्याने फोन उचलला आणि आतल्या खोलीकडे दोन पावले टाकली. दारापर्यंत जाऊन तो थांबला. मग परत आला, फोन टेबलावर माझ्याशेजारी ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा केला.

"हॅलो," लीलाबाई म्हणाली आणि नेहमीसारखी थांबली.

"जय भीम, माय," सुबोध म्हणाला.

मग घाबरल्या, दबक्या आवाजात ती म्हणाली, "अरं, कोण आहे का तिथं?"

"सगळे आहेत माय. संजीवनी आहे, इरा आहे, शैलेंद्र आणि हर्षा आहेत."

"आणि तू असं..." तिच्या श्वासाचा आवाज येत राहिला. मग आवाज सावरून, अगदी हळू, जणू पंधरा वर्षे ठेवणीतले काही काढावे तशी ती म्हणाली, "जय भीम, बाळा." आणि लगेच, "जेवलास का?"

"नाही अजून," सुबोध म्हणाला. मग तो खुर्चीवर बसला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून रडला.

इराने फोन जवळ ओढला. "आजी, दाखला?"

"सापडला गं माय," लीलाबाई म्हणाली. "प्लास्टिकातच होता."

मित्रांनो, यानंतर सगळे सुरळीत झाले असे मी म्हणणार नाही. शैलेंद्र त्या दिवशी जेवून गेला, पण नेहमीपेक्षा कमी बोलला, आणि पुढच्या रविवारी त्याला काम निघाले. इरा आठवडाभर बापाशी कामापुरतेच बोलली. फॉर्ममध्ये त्या प्रश्नापुढे तिने 'येस' टाकले आणि जुने नाव भरताना बापालाच शेजारी बसवले. त्याने एकेक अक्षर मोठ्याने सांगितले, तिने टाइप केले. तिला ते अवघड नव्हते, पण तिने मुद्दाम दोनदा विचारले. सिंगापुरातल्या घराच्या दारावरच्या पाटीवर अजून हिवरणीकरच आहे. ती बदलायची की नाही, हे सुबोधचे अजून ठरलेले नाही. एवढे मात्र झाले, की रविवारी आता दार लावले जात नाही.

इराचे कार्ड आले. पुढच्या महिन्यात ती निघेल. तिने बापाकडे मला मागून घेतले आहे. मायलो आणि सॉसच्या बाटल्यांबरोबर, पण वेगळ्या पाकिटात, मी हिवरणीला जाणार आहे. सुबोध तिला सोडायला येतो म्हणाला आहे. जगदीशगुरुजींच्या पाटीखाली तो कसा उभा राहील, याची मला अजूनही धास्ती वाटते. त्यालाही वाटत असणार.

तुमच्या घरीही असा एखादा डबा असेल. वर दोरे आणि बटणे, खाली काहीतरी घडी घालून ठेवलेले. ते फेकू नका आणि तसेच पडूही देऊ नका. उघडून बघा, हात धुऊन बघा. आणि तुमच्या घरातले कोणी म्हातारे माणूस फोनवर नुसते "हॅलो" म्हणून थांबत असेल, तर ते का थांबते, ते एकदा स्वतःला विचारा. माझा कोपरा कापला गेला त्याला पुष्कळ वर्षे झाली, त्याचे मला काही वाटत नाही. त्या बाईला पंधरा वर्षे थांबावे लागले, त्याची लाज मात्र अजून जात नाही.